माया आणि मोल

घरात दुसऱ्या बाळाची चाहूल लागली की हिशेबाच्या वह्या उघडतात. प्रसूतिगृहाचा खर्च, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू, पाळणा, स्नानसंस्काराचा पांढरा झगा, मंडप, जेवणावळ, धर्मपिता व धर्ममाता यांचा मानपान अशा एकेका बाबीची आकडेमोड सुरू होते. त्यात गैर काही नाही. प्रपंच नीट चालवायचा म्हणजे हिशेब आलाच. मात्र या सर्व यादीत एक रकाना बहुधा कोराच राहतो. पहिल्या मुलाला सांभाळण्यासाठी जी बाई घरी येते, तिच्या कामात या दुसऱ्या बाळाने किती भर पडणार आणि त्या वाढीव कामाबद्दल तिला काय मिळणार, हा तो रकाना होय. त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. विषय घरगुती आहे. धर्मगुरूच्या लेखणीने स्वयंपाकघरात कशाला डोकवावे, असेही कुणास वाटेल. परंतु मजुरीचा प्रश्न पवित्र शास्त्राने कधीच घरगुती मानला नाही. अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच टाहो फोडते आणि तो टाहो परमेश्वराच्या कानी पोहोचतो, असे संत याकोबांनी आपल्या पत्रात बजावले आहे.

आपल्या वसईत मूल सांभाळण्यासाठी बाहेरची बाई ठेवणे ही तशी अलीकडची रीत. वाडीतल्या एकत्र कुटुंबात आजी असे, काकू असे, लग्न व्हायची आत्या असे. आई मळ्यात भाजी खुडायला गेली तरी मूल कुणाच्या ना कुणाच्या कडेवर असेच. पुढे बागायती आटली, वाड्यांच्या जागी इमारती उठल्या. मुली शिकल्या, शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, बँकांतून अधिकारी झाल्या आणि सकाळच्या गाडीने मुंबईस जाऊ लागल्या. ही प्रगतीच आहे आणि तिचा आम्हांस अभिमान वाटतो. पण त्या प्रगतीची एक कडी दुसऱ्याच एका स्त्रीच्या हाती आहे, जी सूर्य उगवायच्या आत आपले घर आवरून निघते आणि आठच्या ठोक्याला आपल्या दाराची घंटा वाजवते. तिला पूर्वी 'आया' म्हणत. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला. आज तो मागे पडला असून 'मावशी' या शब्दाने त्याची जागा घेतली आहे. शब्द बदलला हे उत्तमच झाले. फक्त एक गोष्ट घडली. आयेला पगार असे. मावशीने पगाराचा विषय काढला की घरच्यांना वाईट वाटते.

याचा प्रत्यय मागे एका प्रसंगाने आला. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही गाळत आहोत. एक तरुण दांपत्य स्नानसंस्काराची तारीख ठरविण्यासाठी कार्यालयात आले होते. पत्नी बँकेत, पती एका खाजगी कंपनीत. थोरला मुलगा तीन वर्षांचा, धाकटी मुलगी दीड महिन्याची. तारीख ठरली, अर्ज भरून झाला, तरी दोघे उठेनात. शेवटी पती म्हणाले, "फादर, एक अडचण आहे. आमच्या मावशी पगार वाढवून मागतात. बारा हजारांचे एकदम अठरा हजार म्हणतात. आम्ही हजार रुपये वाढवायला तयार आहोत. मुलाला घेऊन त्या इथे बागेत येतात, तुम्हांला मानतात. तुम्हीच त्यांना दोन शब्द सांगा ना."

आम्ही त्यांचे म्हणणे सविस्तर ऐकून घेतले. त्यांच्याकडे चार मुद्दे होते आणि ते चारही आपल्यापैकी पुष्कळांच्या तोंडी आम्ही ऐकले आहेत, म्हणून येथे क्रमाने मांडतो. पहिला मुद्दा असा की, कामाचे तास तेच आहेत. सकाळी आठ ते संध्याकाळी सात, रविवारी सुट्टी; त्यात बदल नाही. दुसरा, सध्या आई स्वतःच बाळंतपणाच्या रजेवर घरी आहे, मग काम उलट हलकेच झाले. तिसरा, पगार सुरुवातीसच ठरला होता आणि ठरल्याप्रमाणे तो एक तारखेला मिळतो. आणि चौथा, मावशी परक्या थोड्याच आहेत? त्या घरच्यासारख्या आहेत. नाताळला साडी, दुखलेखुपले तर औषधपाणी, मुलीच्या शाळेची वह्यापुस्तके, हे सारे आम्ही करतोच.

तासांचा मुद्दा ऐकताच आम्ही त्या भगिनीस विचारले, "मावशी मिळण्यापूर्वी तुम्ही पाळणाघराची चौकशी केली होती ना?" केली होती. दुसऱ्या मुलासाठीही आताच पुन्हा केली होती. पाळणाघराने दुसऱ्या मुलाचे महिना सहा हजार वेगळे सांगितले होते. त्यात त्यांना काही वावगे वाटले नव्हते. म्हणजे पाळणाघर मुले मोजते तेव्हा आपण मान डोलावतो आणि तेच मूल घरी सांभाळायचे ठरले की आपण तास मोजू लागतो. मग कागद घेऊन आम्ही तासांचाच हिशेब मांडला. महिन्याचे सव्वीस दिवस, दिवसाचे अकरा तास, म्हणजे २८६ तास. बारा हजारांत तासाला सुमारे ४२ रुपये पडतात. वाढीव हजार रुपये त्याच तासांत वाटले की तान्ह्या बाळाच्या वाट्याला तासाला साडेतीन रुपये येतात. आकडा कागदावर उतरल्यावर दोघेही काही बोलले नाहीत. त्यांची दानत खोटी नव्हती. हजार रुपये ही रक्कम महिन्याच्या खर्चात मोठी दिसते; तिची फोड कुणी करून पाहिलेली नसते, इतकेच.

दुसरा मुद्दा अधिक नाजूक आहे. आई घरी असते हे खरे. १९६१ च्या मातृत्व-लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, हा नोकरदार मातांना मिळालेला मोठा दिलासा होय. परंतु ही रजा ओल्या बाळंतिणीची शक्ती भरून यावी आणि तिला बाळाला छातीशी धरता यावे यासाठी असते. त्या महिन्यांत मावशींचे काम कमी होते काय? दुपटी आणि लंगोट यांचा ढीग कोण धुतो? रात्रभर जागलेली आई सकाळी डोळे मिटते तेव्हा बाळाला कोण घेऊन बसते? आणि थोरला? कालपर्यंत घरात तो एकटा राजा होता. आता आईच्या कुशीत दुसरे कुणी पाहून तो जेवण सांडतो, हट्ट करतो, बाळाच्या पाळण्याला धक्का देतो. त्याची समजूत काढण्याचे काम कोणत्याही करारात लिहिलेले नसते. ते मावशीच्या वाट्याला येते.

तिसऱ्या मुद्द्यावर पतींनी द्राक्षमळ्याच्या दाखल्याचा आधार घेतला. धन्याने एक दिनार ठरविला, एक दिनार दिला. कुठे अन्याय झाला? हा दाखला वेतनाच्या वादात असा वापरला जाताना आम्ही वरचेवर ऐकतो. परंतु त्या धन्याने हिशेब मोडला तो कोणत्या बाजूने, हे ध्यानात घ्यावे. शेवटच्या घटकेला आलेल्या मजुरालाही त्याने दिवसभर पोट भरेल एवढे दिले. ठरल्याहून कमी त्याने कुणालाच दिले नाही आणि ठरलेल्या मोबदल्यात कुणाकडून दुप्पट काम करून घेतले नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात हीच गोष्ट मोठ्या स्पष्टपणे मांडली. उभय पक्षांनी मान्य केला एवढ्यावरून पगार न्याय्य ठरत नाही, कारण गरजू माणूस पोटासाठी काहीही मान्य करतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथानेही तोच विचार पुढे नेला असून कष्टकऱ्याच्या मजुरीतील अन्यायाची गणना स्वर्गाकडे आक्रोश करणाऱ्या पापांत केली आहे. एका मुलासाठी ठरलेला पगार एका मुलापुरता न्याय्य होता. दुसरे मूल आले त्या दिवशी काम नवे झाले. तेव्हा बोलणेही नव्याने व्हावयास हवे.

राहिला 'घरच्यासारखी' हा मुद्दा. आमच्या मते सर्वांत जपून वापरण्याजोगा शब्द हाच आहे. घरच्या माणसाला घराच्या मिळकतीत वाटा असतो, आजारपणात हक्काचे अंथरूण असते. मावशींना यांपैकी काही नाही. घरच्यासारखी म्हणून हक्काचे मागता येत नाही आणि बाहेरची म्हणून वाटा मिळत नाही, अशी तिची दुहेरी कोंडी होते. साडी आणि औषधपाणी या प्रेमाच्या गोष्टी आहेत. त्या जरूर कराव्यात. पण प्रेमाची भेट पगाराच्या खात्यात मांडली की ती भेटही राहत नाही आणि पगारही होत नाही.

याबाबत निर्गमाच्या ग्रंथात एक फार बोलका प्रसंग आहे. फारोच्या कन्येला लव्हाळ्यांतल्या पेटीत तान्हा मोशे सापडला. बाळाच्या बहिणीने धावत जाऊन एक दाई आणली. ती दाई म्हणजे बाळाची सख्खी आई होती, हे राजकन्येला ठाऊक नव्हते. राजकन्येने बाळ तिच्या हाती देताना आपण होऊन सांगितले की, याला माझ्यासाठी पाज, मी तुला वेतन देईन. त्या बाईने मागितले नव्हते. ते मूल जगावे म्हणून तिने स्वतःचा जीवही दिला असता. मोशेवर तिच्याहून अधिक माया करणारे कुणी पृथ्वीच्या पाठीवर नव्हते, आणि तरीही तिला वेतन मिळाले. बाळ हाती देण्याच्या क्षणीच बोली झाली. एका परधर्मीय राजकन्येला जे सुचले, ते आपल्याला सुचू नये काय? सांभाळणारीची माया खरी आहे म्हणून तिच्या कष्टाचे मोल उणे होत नाही.

एवढे बोलणे झाल्यावर आम्ही त्या दांपत्यास एक विनंती केली. ज्यांच्या पगाराचा प्रश्न आहे त्या बाहेर आणि बोलणारे आपण आत, हे बरे दिसत नाही. तेव्हा रविवारच्या मिस्सानंतर त्यांनाही घेऊन यावे. त्याप्रमाणे ते आले. मावशी पूर्वेकडच्या एका पाड्यावरून रोज दोन वाहने बदलून येणाऱ्या. प्रथम त्या खुर्चीवर बसेनात. बसल्यावर आम्ही विचारले, "अठरा हजार कसे काढलेत?" त्या म्हणाल्या, "फादर, आकडा मला शेजारणीनं सांगितला. मला काय समजतंय त्यातलं? पण एक सांगते. बाबू एकटा होता तेव्हा तो निजला की मी दोन घास खाऊन घ्यायची. आता एक निजतो तर दुसरी उठते. पगार तर पाहिजेच, पण मला दुपारचं बसून जेवायचंय."

खोलीत क्षणभर शांतता पसरली. मग त्या आणखी एक गोष्ट बोलल्या. बाळ झाल्यापासून रोज निघायला साडेसात होतात, घरी पोहोचायला नऊ. त्यांची थोरली मुलगी आठवीत. संध्याकाळचा स्वयंपाक आणि लहान भाऊ या दोन्ही गोष्टी तिच्यावर पडल्या असून तिचा अभ्यास बुडतो आहे. ही गोष्ट त्या भगिनीला मनापासून लागली. "मावशी, हे मला का नाही सांगितलंत?" असे त्यांनी विचारले. मावशींनी उत्तर दिले, "ताई, तुम्ही ओल्या बाळंतीण. तुम्हांला कुठं त्रास द्यायचा?"

न्यायाची बाजू मांडताना दुसरी बाजूही मांडली पाहिजे. त्या कुटुंबावर घराच्या कर्जाचे हप्ते होते. पतीच्या कंपनीत नोकरीची शाश्वती नव्हती. अठरा हजार देणे त्यांना खरोखरच जड होते, आणि मुलांचे आईबाप कर्जात बुडाले तर मावशींची नोकरीही जाते. धर्मगुरूने दुसऱ्याच्या खिशातून औदार्य करावे हे आम्हांस मान्य नाही. म्हणून रक्कम आम्ही सांगितली नाही. दोन्ही बाजूंनी सर्व बाबी टेबलावर ठेवाव्यात एवढाच आग्रह धरला. कामाची यादी करता करता असे आढळले की, थोरल्याचे आणि बाळाचे करण्याखेरीज घरातली धुणीभांडीही मावशींच्याच गळ्यात पडली होती. ती काढून घेण्याचे ठरले. पगार सोळा हजार झाला. निघण्याची वेळ साडेसहा ठरली आणि ती पाळण्याची जबाबदारी पतींनी स्वतःकडे घेतली. दुपारी एक तास दोन्ही मुले आईकडे, किंवा रजा संपल्यावर खालच्या मजल्यावरील आजीकडे. तेवढ्यात मावशींचे जेवण. थोरला शाळेत जाऊ लागला तरी पगार कमी होणार नाही, हेही ठरले. सारे एका वहीत लिहून दोघींनी खाली सह्या केल्या. मावशींनी सही करायला वेळ लावला, कारण मुलीने शिकवलेली सही त्यांना नीट काढायची होती.

या एका प्रसंगावरून काही गोष्टी आमच्या मनात पक्क्या झाल्या आहेत. पहिली ही की, हे बोलणे बाळ येण्यापूर्वी व्हावे. सातव्या महिन्यात घरात ओटीभरणाची तयारी चाललेली असते तेव्हा दोघांनी मावशींसोबत अर्धा तास बसावे. बाळ घरी आल्यावर सगळे जागरणाने थकलेले असतात. त्या वेळी बाईने तोंड उघडले तर अडवणूक वाटते आणि गप्प राहिली तर तिचा कोंडमारा होतो. दुसरी, पगार किती हे आपण आधी सांगावे. गरजू माणसाला मागायला लावणे हीही एक शिक्षाच आहे. तिसरी, पाळणाघर, शेजारपाजार आणि आपली ऐपत यांचा मेळ घालून जी रक्कम निघेल तिच्यात पैशाइतकेच वेळेला, विश्रांतीला आणि आठवड्याच्या सुट्टीला स्थान असावे. आणि चौथी, रक्कम वाढविणे खरोखर शक्य नसेल, तर काम कमी करावे. पगार तोच आणि काम दुप्पट, हा मार्ग मात्र आपल्यासाठी बंद आहे असे समजावे. लाबानाने आपली मजुरी दहा वेळा बदलली अशी याकोबाची तक्रार होती. आपल्या घरात पगार बदलत नाही, काम बदलत जाते. परिणाम तोच होतो.

कायद्याची वाट पाहून चालणार नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम २००८ साली झाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला आणि आठवड्यातून सलग २४ तासांची विश्रांती व कामाच्या अटी स्पष्ट, शक्यतो लेखी, असाव्यात असे त्यात नमूद केले. सिस्टर जीन देव्होस या बेल्जियन धर्मभगिनींनी तर १९८५ सालीच घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ उभी करून या स्त्रियांना आवाज दिला. या सर्वांचे मोल मोठे आहे. परंतु दुसऱ्या बाळाच्या आगमनाने मावशींच्या पाठीवर किती ओझे वाढले, हे कोणत्याही निरीक्षकाला बाहेरून दिसणार नाही. ते त्या घराच्या चार भिंतींतच दिसते आणि तेथे फक्त आपली सदसद्विवेकबुद्धी हजर असते.

आमच्या धर्मग्रामात स्नानसंस्काराच्या पूर्वतयारीच्या सभेत आम्ही अलीकडे एक प्रश्न वाढविला आहे. बाळाचे नाव, धर्मपिता, धर्ममाता ही माहिती घेऊन झाली की आम्ही विचारतो, "बाळाला दिवसभर कोण सांभाळणार? त्यांच्याशी बोलणे झाले का?" पुष्कळदा पतिपत्नी एकमेकांकडे पाहतात. काही जण हसतात. पण पुढच्या भेटीत "फादर, झाले बोलणे," असे सांगणारेही भेटू लागले आहेत.

उत्पत्तीच्या ग्रंथात रिबेकेच्या मृत्यूचे वर्णन नाही. तिच्या दाईच्या मृत्यूचे मात्र आहे. दबोरा तिचे नाव. रिबेका नवरी होऊन परदेशी निघाली तेव्हा तिच्यासोबत पाठविलेली दाई ती हीच, असे मानले जाते. बेथेलजवळ एका वृक्षाखाली तिला पुरले आणि त्या वृक्षाला रुदनाचा वृक्ष असे नाव पडले. एका दाईसाठी त्या घराने एवढे अश्रू ढाळले की जागेलाच त्यांचे नाव लाभले. आपली मुलेही मोठी झाल्यावर आपापल्या मावशींची अशीच आठवण काढतील, यात आम्हांला शंका नाही. तोवर येत्या एक तारखेला आपल्याला जे करता येण्याजोगे आहे, ते आईवडिलांनी करावे.